पित्ताशयाच्या ऑपरेशनमध्ये पित्तनलिका कापली गेली. वकिलाची फी परवडत नाही, मग दाद कुठे मागायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तालुक्याच्या गावी खासगी दवाखान्यात बहिणीचं पित्ताशयाचं दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. घरी सोडल्यावर आठवडाभरात कावीळ, ताप, पोट फुगणं सुरू झालं. पुण्याला नेल्यावर पित्तनलिका कापली गेल्याचं कळलं, दुसरं मोठं ऑपरेशन करावं लागलं आणि खर्च चार लाखांच्या वर गेला. आता वकीलसाहेब सुरुवातीलाच पन्नास हजार मागतायत. सरकारी मोफत वकील फक्त आरोपींना आणि पिवळ्या रेशनकार्डवाल्यांना मिळतो, तुमची बागायत आहे म्हणून तुम्हाला मिळणार नाही, असंही कुणीतरी सांगितलंय.

तसं नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चं कलम १२ काढून बघा. मोफत कायदेशीर मदतीला पात्र असणाऱ्यांत स्त्रिया आणि मुलं येतात, आणि त्यांना उत्पन्नाची अट नाही. तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात (पूर्वीचा ग्राहक मंच) करायची आहे, आणि तक्रारदार तुमची बहीण आहे. तुमची बागायत, तिच्या नवऱ्याचा पगार, घराचा सातबारा, यातलं काहीच विचारात घ्यायचं नाही. अनुसूचित जाती-जमातीतल्या व्यक्ती, दिव्यांग आणि कारखान्यातले कामगार यांनाही ही अट नाही. उरलेल्यांसाठी महाराष्ट्रात वर्षाला तीन लाख रुपयांची मर्यादा आहे, आणि उत्पन्नाबद्दल स्वतःचं प्रतिज्ञापत्र पुरेसं धरता येतं, असं कायद्यातच लिहिलंय. तेव्हा तहसील कार्यालयाच्या दाखल्यासाठी अडून बसू नका.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण ती वकिलांच्याही लक्षात येत नाही. रुग्ण पुरुष असेल, कमावता असेल, पण उपचार बिघडल्यामुळे त्याचा पाय गेला किंवा दृष्टी गेली, तर तो आता दिव्यांग म्हणून पात्र ठरतो. अपंगत्वाचं प्रमाणपत्र आधी काढून घ्यावं. आणि रुग्ण दगावला असेल तर ग्राहक कायद्याप्रमाणे वारस तक्रार करू शकतात. पत्नी किंवा आईने तक्रारदार व्हावं, म्हणजे उत्पन्नाचा प्रश्नच येत नाही. भावाच्या किंवा मुलाच्या नावाने अर्ज करून 'अपात्र' असा शेरा घेऊन परतलेली कुटुंबं मी पाहिली आहेत. घरात आई बसलेली असताना.

अर्ज कुठे करायचा? तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते, जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. तुमच्यासाठी सोलापूर. तिथले सचिव हे स्वतः न्यायिक अधिकारी असतात. फोनवर विचारायचं असेल तर १५१०० हा देशभरचा क्रमांक आहे. कोऱ्या कागदावर अर्ज चालतो. काय घडलं ते दहा-बारा ओळींत लिहा, आणि मदत कसली हवी ते स्पष्ट लिहा: वकील, तक्रार तयार करणं, इंग्रजी कागदांचा अनुवाद, नकला, आणि प्रकरण चालवायला लागणारा इतर खर्च. कायदेशीर मदत म्हणजे फक्त वकील नव्हे. कोर्ट फी, नोटिशीचा खर्च, नकला, अनुवाद हे सगळं त्यात येतं, पण न मागता कुणी देत नाही. अर्जावर सात दिवसांत निर्णय व्हावा असं नियम सांगतो. पोच घ्या. नाकारला तर कारण लेखी मागा आणि प्राधिकरणाच्या अध्यक्षांकडे, म्हणजे जिल्हा न्यायाधीशांकडे, अपील करा.

काउंटरवर कधी कधी ऐकवलं जातं की ग्राहक मंचाच्या केसला आमचा वकील मिळत नाही, तिथे तुमचं तुम्हीच बोलायचं असतं. ते मान्य करू नका. याच कायद्याच्या व्याख्येत 'न्यायालय' या शब्दात न्यायाधिकरणं आणि अर्धन्यायिक अधिकार असणाऱ्या संस्थाही येतात. जिल्हा ग्राहक आयोग त्यात बसतो. ग्राहक आयोगात वकिलाशिवाय उभं राहता येतं हे खरं. किराणा, मोबाइल, विमान तिकीट यांच्या तक्रारीत मी तेच सुचवतो. वैद्यकीय हलगर्जीपणाच्या तक्रारीत मात्र सुचवत नाही, कारण समोर बहुतेकदा डॉक्टरच्या व्यावसायिक विम्याच्या कंपनीने दिलेला वकील असतो, आणि त्याचं रोजचं काम तेच असतं.

याच विम्यामुळे तुम्हाला खटकलेली दुसरी गोष्टही समजेल. डॉक्टर आधी नीट बोलत होते, आता फोनच घेत नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. विमा कंपनीच्या संमतीशिवाय चूक कबूल करायची नाही, अशी अट या पॉलिसींमध्ये असते. ते गप्प आहेत यावरून ते दोषी आहेत असंही ठरत नाही आणि निर्दोष आहेत असंही नाही. त्यांच्या दारात जाऊन आरडाओरडा करू नका. डॉक्टरवर हात टाकणं किंवा दवाखान्याची मोडतोड हा महाराष्ट्रात २०१० च्या कायद्याने अजामीनपात्र गुन्हा आहे, आणि असं एकदा घडलं की सगळी चर्चा त्या मोडतोडीचीच होते.

विधी सेवेच्या पॅनेलवरच्या, म्हणजे त्यांच्या यादीतल्या, वकिलाबद्दल सरळ सांगतो. पॅनेलवर चांगले वकील असतात, पण वैद्यकीय प्रकरणं चालवलेले थोडे. अर्जातच लिहा की ग्राहक आयोगात काम करणारा वकील मिळावा. यादी मागा, चौकशी करा आणि पसंती असेल तर नाव लिहा. पसंतीचा विचार करण्याची मुभा नियमात आहे. नेमलेल्या वकिलाला तुमच्याकडून एक रुपयाही घेता येत नाही. 'झेरॉक्सचे', 'टायपिंगचे', 'क्लार्कचे' म्हणून मागितले तर सचिवांना लेखी कळवा. वकील तारखांना हजर राहत नसेल तर बदलून मागा. हे उपकार नाहीत. समान न्याय आणि मोफत कायदेशीर साहाय्य हे राज्यघटनेच्या अनुच्छेद ३९-अ मध्ये आहे.

आता मुदत. ग्राहक आयोगात तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. दोन वर्षं ऑपरेशनपासून की पुण्यात निदान झालं तेव्हापासून, यावर वाद घालता येतो, पण तो वाद आपल्यावर यायलाच नको. ऑपरेशनच्या तारखेपासून मोजा. विधी सेवेकडे अर्ज दिला, पोलिसांत गेलो, मेडिकल कौन्सिलला लिहिलं, नोटीस पाठवली, यातल्या कशानेही मुदत थांबत नाही. उशीर माफ करायचा अधिकार आयोगाला आहे, पण समाधानकारक कारण दाखवावं लागतं, आणि डॉक्टरांचा वकील पहिला हल्ला तिथेच करतो.

तुमच्या तक्रारीला फी लागणार नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आयोगाची कक्षा आणि फी दोन्ही तुम्ही दिलेल्या बिलावर ठरतात, मागितलेल्या भरपाईवर नाही. बिल पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. पन्नास लाखांपर्यंतचं बिल जिल्हा आयोगातच चालतं. तक्रार बहीण राहते त्या जिल्ह्यातही करता येते, त्यामुळे पुण्याला खेटे नकोत. २०१९ च्या कायद्यात 'सेवा' या व्याख्येत आरोग्यसेवेचा उल्लेख नाही, म्हणून डॉक्टरांवर ग्राहक तक्रार चालत नाही, असं काही जण सांगतात. मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये हा मुद्दा फेटाळला आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याविरुद्धची याचिका काढून टाकली.

इथवर वकील मिळाला, फी माफ झाली. पण वर्षानुवर्षं ही प्रकरणं पाहून माझं मत असं झालंय की रुग्ण वकिलाअभावी हरत नाहीत. ते कागदांअभावी आणि डॉक्टरी मताअभावी हरतात. तुमची पुढच्या महिनाभराची ताकद या दोन गोष्टींवर लावा.

कागद म्हणजे डिस्चार्ज कार्ड नव्हे. डिस्चार्ज कार्ड हा दवाखान्याने स्वतः लिहिलेला सारांश. तुम्हाला इनडोअर केसपेपर पूर्ण हवेत: ऑपरेशन नोट, भूल दिल्याची नोंद, संमतीपत्र, डॉक्टरांच्या रोजच्या नोंदी, आणि सगळ्यात महत्त्वाचे नर्सचे चार्ट. दुर्बिणीच्या ऑपरेशनचं रेकॉर्डिंग केलेलं असेल तर तेही मागा. अर्ज बहिणीच्या सहीने लेखी द्या, पोच घ्या किंवा रजिस्टर पोस्टाने पाठवा. मागितल्यापासून ७२ तासांत कागद द्यावेत असं मेडिकल कौन्सिलचे २००२ चे आचारनियम सांगतात. बिल बाकी आहे म्हणून कागद अडवता येत नाहीत. दिले नाहीत तर महापालिका हद्दीत महापालिकेच्या आणि इतरत्र जिल्ह्याच्या आरोग्य विभागाकडे तक्रार करा, आणि ती तक्रारही जपून ठेवा. कागद लपवले हा मुद्दा आयोगापुढे दवाखान्याच्या विरोधात जातो. भरती रुग्णाचे कागद तीन वर्षं ठेवण्याचंच बंधन आहे, म्हणूनही घाई करा.

नर्सच्या चार्टला मी इतकं महत्त्व का देतो, ते एका प्रकरणावरून सांगतो. ऑपरेशन तुमच्या बहिणीसारखंच. डॉक्टरांच्या नोंदीत तीन दिवस एकच वाक्य: 'प्रकृती स्थिर, तेच उपचार चालू.' डिस्चार्ज कार्डावर 'गुंतागुंत नाही'. नर्सच्या कागदावर मात्र पोटातल्या ड्रेनच्या नळीची नोंद होती. पहिल्या रात्री थोडं रक्ताळ पाणी. दुसऱ्या दिवशी दुपारी 'हिरवट', १५० मिलि. तिसऱ्या दिवशी ३०० मिलि, ताप १०१, आणि बाजूला वेगळ्या शाईने 'सरांना फोनवर कळवलं'. हिरवं पाणी म्हणजे पित्त. म्हणजे पित्त गळतंय हे दवाखान्यात दुसऱ्याच दिवशी दिसत होतं, कळवलंही गेलं होतं, आणि तरीही ना सोनोग्राफी झाली ना मोठ्या दवाखान्यात पाठवलं. ते सगळं प्रकरण त्या तीन ओळींवर उभं राहिलं. त्या लिहिणाऱ्या सिस्टरने आपलं काम चोख केलं होतं.

यातच तुमच्या प्रकरणाचा गाभा आहे, आणि तो नीट समजून घ्या, कारण तो तुम्हाला कदाचित आवडणार नाही. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये पित्तनलिकेला इजा होणं ही शास्त्रात नोंदलेली गुंतागुंत आहे. चांगल्या सर्जनच्या हातूनही होते. 'नलिका कापली म्हणजे हलगर्जीपणा' एवढ्यावर केस उभी राहत नाही. कायदा बघतो की त्या परिस्थितीत एक सामान्य कुशल सर्जन जसं वागला असता तसं हे वागले का. कोणती नलिका कापतोय हे नीट ओळखल्याशिवाय कापली का, सूज फार असताना पोट उघडून करायचा पर्याय सोडला का, इजा झाल्यावर कधी ओळखली, ओळखून काय केलं, धोक्यांची कल्पना आधी दिली होती का. उत्तरं बहुतेक वेळा ऑपरेशननंतरच्या दिवसांत सापडतात.

म्हणून दुसरी गोष्ट, डॉक्टरी मत. पोटात कापूस राहिला, उजव्याऐवजी डावा डोळा केला, अशा उघड प्रकारांत तज्ज्ञाचं मत लागत नाही. प्रत्येक तक्रारीत ते सक्तीचं नाही असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितलंय. तुमच्या प्रकरणात लागेल. मोफत कायदेशीर मदतीची खरी कमतरता इथे आहे: वकील मिळतो, डॉक्टर मिळत नाही. गावातले डॉक्टर एकमेकांविरुद्ध लिहून देत नाहीत. तुमच्याकडे एक जमेची बाजू आहे, ती म्हणजे पुण्याचे कागद. दुसऱ्या सर्जनने पोट उघडल्यावर काय दिसलं हे त्यांच्या ऑपरेशन नोटमध्ये लिहिलेलं असतं. त्यांना 'त्यांच्याविरुद्ध साक्ष द्या' असं म्हणू नका. 'तुम्ही जे पाहिलंत ते कागदावर पूर्ण द्या' एवढंच म्हणा.

त्यानंतर आयोगात अर्ज देऊन सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या तज्ज्ञ समितीचं मत मागवता येतं. इथे बहुतेक प्रकरणं घसरतात, ती विचारलेल्या प्रश्नामुळे. समितीला 'हलगर्जीपणा झाला का?' एवढं विचारलं की दोन ओळींचं उत्तर येतं: ज्ञात गुंतागुंत, हलगर्जीपणा दिसत नाही. तुमच्या वकिलाने प्रश्न स्वतः लिहून अर्जासोबत जोडावेत. नलिका ओळखल्याची नोंद ऑपरेशन नोटमध्ये आहे का? ड्रेनमध्ये पित्त प्रथम कधी नोंदलं गेलं? त्या नोंदीनंतर किती वेळात सोनोग्राफी किंवा एमआरसीपी (पित्तनलिकांचा एमआरआय) करायला हवी होती? ती केली का? त्याच दिवशी मोठ्या केंद्रात पाठवलं असतं तर दुसरं ऑपरेशन टळलं असतं का, किंवा सोपं झालं असतं का? अशा प्रश्नांना समितीला तारीखवार उत्तर द्यावं लागतं. मत विरोधात आलं तरी त्या डॉक्टरांना लेखी प्रश्नावली देऊन विचारता येतं; ग्राहक आयोगात उलटतपासणी बहुधा अशीच होते.

बाकीचे मार्ग थोडक्यात. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल डॉक्टरची नोंदणी निलंबित करू शकतं, भरपाई देऊ शकत नाही. मात्र ऑपरेशन करणाऱ्याची पदवी कौन्सिलकडे जरूर तपासा. होमिओपॅथीच्या डॉक्टरने ॲलोपॅथीची औषधं देणं हाच हलगर्जीपणा, असं मुंबईच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये ठरवलंय. पोलिसांत जायचं असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालानुसार दुसऱ्या सक्षम, शक्यतो सरकारी, डॉक्टरच्या मताशिवाय कारवाई पुढे सरकत नाही, आणि फौजदारी गुन्ह्याला फार ढोबळ पातळीची हलगर्जी लागते. तुमच्या प्रकरणात मी तिकडे शक्ती घालवणार नाही.

एक मार्ग लोकांना माहीतच नसतो: स्थायी लोक अदालत. दवाखान्याची सेवा तिच्या कक्षेत येते, एक कोटीपर्यंतचे वाद चालतात, फी नाही, आणि समझोता झाला नाही तर ती गुणवत्तेवर निकालही देते. पण त्या निकालावर अपील नाही, उच्च न्यायालयात याचिका तेवढी उरते. आणि प्रत्येक जिल्ह्यात ती नाही. वैद्यकीय गुंता मोठा असेल तर मी ग्राहक आयोगच पसंत करतो.

हेच ऑपरेशन सरकारी रुग्णालयात झालं असतं तर? जिथे सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात, तिथला रुग्ण ग्राहक ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितलं. पाच-दहा रुपयांचा केसपेपर काढला म्हणूनही ठरत नाही. त्याच निकालात असंही आहे की जिथे काही जण पैसे देतात आणि काहींना मोफत, तिथला मोफत रुग्णही ग्राहक. धर्मादाय रुग्णालयात गरिबांच्या राखीव खाटेवर उपचार घेतलेल्यांनी हे लक्षात ठेवावं. विमा कंपनीने बिल भरलं असेल तरी रुग्ण ग्राहकच, त्यामुळे महात्मा फुले योजनेतून खासगी दवाखान्यात उपचार झाले असतील तर तो आधार घेऊन मुद्दा मांडता येतो. निव्वळ सरकारी रुग्णालयाविरुद्ध दिवाणी दावा करावा लागतो. आधी दोन महिन्यांची नोटीस, आणि कोर्ट फी मागणीच्या रकमेप्रमाणे चढत जाते. विधी सेवेचा सर्वांत मोठा उपयोग खरं तर तिथे आहे, कारण ती फी प्राधिकरण उचलतं. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात १९६३ मध्ये कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनवेळी एका बाईंच्या पोटात टॉवेल राहिला आणि त्या दगावल्या. घरच्यांनी दावा लावला, खालच्या कोर्टात ३६,००० रुपये मिळाले, उच्च न्यायालयात हरले, आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शासनच जबाबदार म्हणून ती रक्कम पुन्हा मंजूर केली. तेहतीस वर्षं. सरकार जबाबदार असतं हे आज आपण ठामपणे म्हणू शकतो ते त्या कुटुंबामुळे.

शेवटी तडजोडीबद्दल, कारण नोटीस गेली की निरोप येईल. मृत्यू किंवा गंभीर इजा झालेली वैद्यकीय प्रकरणं ग्राहक आयोगाने मध्यस्थीकडे पाठवू नयेत, असं २०२० च्या मध्यस्थी नियमांत आहे. त्यामुळे 'आधी मिटवून बघा' असा आग्रह झाला तर नाही म्हणता येतं. स्वतःहून मिटवायचं असेल तर जरूर मिटवा, त्यात कमीपणा नाही. मात्र दवाखान्याच्या छापील पावतीवर सही करून चेक घेऊ नका. पुढच्या तपासण्या, पुन्हा ऑपरेशन लागलं तर त्याचा खर्च, बुडालेली मजुरी, हे सगळं धरून रक्कम ठरवा. मग तो समझोता जिल्हा प्राधिकरणातून लोक अदालतीपुढे दाखलपूर्व प्रकरण म्हणून नोंदवून घ्या. तिथला निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा असतो. चेक परतला तर वसुलीला सरळ जाता येतं. सही करताना बहीण स्वतः हजर असावी, आणि मसुदा तिला मराठीत वाचून दाखवला जावा.